लॅपटॉपची निवड : आकड्यांचा अर्थ आणि गरजेचा हिशेब

चेन्नईच्या दक्षिणेस तांबरम येथे मद्रास निर्यात प्रक्रिया क्षेत्र आहे. १९८४ साली स्थापन झालेल्या या क्षेत्रात ११ जानेवारी २०२५ रोजी सिर्मा एसजीएस या कंपनीच्या लॅपटॉप जुळणी विभागाचे उद्घाटन केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांच्या हस्ते झाले. प्रारंभी वर्षाला एक लाख लॅपटॉप आणि पुढे दहा लाखांपर्यंत वाढ, असे या विभागाचे उद्दिष्ट त्या वेळी जाहीर करण्यात आले. माहिती तंत्रज्ञानाच्या यंत्रसामग्रीसाठी १७,००० कोटी रुपयांच्या दुसऱ्या उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२३ मध्ये मंजुरी दिली होती. त्या धोरणाचे हे एक दृश्य फळ म्हणावे लागेल.

यंत्र देशात तयार होऊ लागले, तरी दुकानातील प्रश्न तोच राहतो. मुलाच्या शिक्षणासाठी अनेक महिन्यांची बचत बाजूला काढणाऱ्या कुटुंबापुढे विक्रेता दहा-बारा आकड्यांचा कागद ठेवतो. त्यातील कोणता आकडा आपल्या कामाचा, हे ठाऊक नसल्यास निवड किमतीवर किंवा रंगावर होते.

हीच निवड लाखो विद्यार्थ्यांसाठी एकदम करण्याची वेळ तमिळनाडू शासनावर आली. विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना त्या राज्यात १५ सप्टेंबर २०११ रोजी सुरू झाली. तेव्हाच्या यंत्रात २ जीबी रॅम आणि ३२० जीबीची हार्ड डिस्क होती. पुढे २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी नव्या वाटपाची घोषणा झाली. त्यासाठीच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी ठरविण्यात आली. रॅम चौपट झाली; साठवणुकीचा आकडा मात्र ३२० वरून २५६ वर उतरला. वरवर पाहणाऱ्यास ही पीछेहाट वाटेल, पण ती तशी नाही.

हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते आणि तिच्यावरील माहिती शोधण्यासाठी एक सूक्ष्म भुजा पुढेमागे सरकत राहते. एसएसडीमध्ये हलणारा भागच नाही. माहिती थेट चिपमध्ये साठते. त्यामुळे यंत्र सुरू होण्यास लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. एसटीच्या प्रवासात बसणारे धक्केही एसएसडी अधिक चांगले सोसते. छायाचित्रे व चित्रफितींचा मोठा साठा बाहेरच्या डिस्कवर ठेवता येतो. मंद यंत्राला मात्र बाहेरून वेग जोडता येत नाही.

रॅम ही कामाच्या टेबलासारखी, तर साठवण ही कपाटासारखी असते. टेबल लहान असले की एक कागद उचलल्याशिवाय दुसरा पसरता येत नाही. टंकलेखन, इंटरनेट, ऑनलाइन वर्ग आणि हिशेब यांसाठी ८ जीबी रॅम साधारणपणे पुरते. अभियांत्रिकीचे आरेखन किंवा चित्रफितींचे संकलन करणाऱ्याने १६ जीबीचा विचार करावा. येथे एक प्रश्न आवर्जून विचारावा : रॅम पुढे वाढविता येईल काय? अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये ती मुख्य पट्टीवरच डाखलेली असते आणि खरेदीच्या दिवशीची रॅमच अखेरपर्यंत राहते.

प्रोसेसरच्या बाबतीत नुसत्या नावावर जाऊ नये. ‘आय-फाइव्ह’ हे ‘आय-थ्री’पेक्षा वरचे खरे, पण जुन्या पिढीचा आय-फाइव्ह नव्या पिढीच्या आय-थ्रीपुढे मागे पडू शकतो. वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्यास हे विशेष लागू पडते. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरना विंडोज ११ ची अधिकृत मान्यता नाही. स्वस्तात मिळालेल्या अशा यंत्रावर लिनक्स उत्तम चालते. परंतु अभ्यासक्रमातील सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते किंवा नाही, याची खात्री पैसे देण्यापूर्वी केलेली बरी.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा आग्रह विक्रेते फार धरतात. खेळ, त्रिमितीय आरेखन आणि चित्रफितींच्या कामात त्याचा उपयोग निर्विवाद आहे. वाणिज्य किंवा कला शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र त्यातून बहुधा वाढीव किंमत, जास्त वजन आणि जास्त उष्णताच पदरी पडते.

बॅटरीचे गणित सोपे आहे. तिची क्षमता वॅट-तासांत लिहिलेली असते. ४२ वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी ७ वॅटचा वापर असल्यास सुमारे ६ तास मिळतात. पडदा अधिक उजळ ठेवल्यास किंवा चित्रफिती चालविल्यास ते कमी होतात आणि बॅटरी जुनी होत जाते तशी तिची क्षमताही घटते. ज्या गावात भारनियमन दुपारी चार तास असते, तेथे हा आकडा प्रोसेसरहून महत्त्वाचा ठरतो.

लॅपटॉपसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची असल्याने ते चिन्ह यंत्रावर पाहून घ्यावे. पावतीवर अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि तो यंत्रावरील अनुक्रमांकाशी ताडून पाहावा. शेवटी दुरुस्तीची सोय पाहावी. हमी एक वर्षाची की तीन, आणि तंत्रज्ञ घरी येतो की यंत्र घेऊन केंद्रावर जावे लागते, हे आधी विचारावे. गडचिरोलीच्या एखाद्या तालुक्यातील विद्यार्थ्याला त्यासाठी नागपूरची वारी करावी लागणार असेल, तर दोन हजार रुपये जास्त देऊन जिल्ह्याच्या ठिकाणी सेवा केंद्र असलेल्या कंपनीचे यंत्र घेणे त्याला स्वस्त पडेल.