ऑरेंज वाईन... पण संत्रं कुठंय?

वाईन टेस्टिंगला गेलात की एक सीन हमखास दिसतो. ग्लास गोल फिरवत कुणीतरी म्हणतं, 'अ‍ॅप्रिकॉट... हेझलनट... थोडासा ब्रिऑश!' बाकीचे माना डोलावतात. माझं लहानपण नांदेड जिल्ह्यातल्या हदगावचं. ताजं अ‍ॅप्रिकॉट तिथं कुणी बघितलंय? मग प्रश्न पडतो, ज्याने ही फळं खाल्लीच नाहीत, त्याने वाईनबद्दल बोलायचंच नाही का?

उत्तर गेल्या दिवाळीत मिळालं. पुण्यात आयटीत असलेल्या शाळेतल्या मित्राने इटलीहून एक बाटली आणली होती. स्पार्कलिंग ऑरेंज वाईन! द्राक्षं मालवाझिया जातीची, एमिलिया-रोमान्या प्रांतातली. गच्चीवर आम्ही चौघं आणि माझे केळीवाले मामा. बाटली उघडली, तर रंग हळदीच्या पाण्यासारखा, थोडा गढूळ. वर बारीक बुडबुडे.

"ऑरेंज म्हणतूस आन् संत्रंच न्हाई यात?" मामांचा पहिला सवाल. एकदम व्हॅलिड!

फंडा सोपा आहे. व्हाईट वाईन करताना द्राक्षं दाबून रस लगेच वेगळा काढतात आणि सालं बाजूला. रेडमध्ये काळ्या द्राक्षांची सालं रसातच आंबतात. ऑरेंज म्हणजे पांढरी द्राक्षं, पण पद्धत रेडची. सालं काही दिवस ते काही महिने रसात राहतात. रंग सालांचा, तुरटपणाही त्यांचाच. बुडबुडे येतात ते बंद बाटलीत किंवा टाकीत आंबताना अडकलेल्या कार्बन डायऑक्साईडमुळे. बाटलीतला यीस्टचा गाळ काढला नाही, तर वाईन अशी गढूळ दिसते.

हे फॅड नवं वाटलं तरी पद्धत जुनी आहे. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या 'क्वेव्री' नावाच्या मातीच्या रांजणांत अशीच वाईन करतात. 2013 साली युनेस्कोने ही परंपरा आपल्या वारशाच्या यादीत घेतली. इटलीत फ्रिउलीच्या योश्को ग्राव्हनर आणि स्टान्को राडिकोन यांनी 1990 च्या दशकात सालांसकट वाईन पुन्हा सुरू केली. 'ऑरेंज वाईन' हे नाव तर 2004 मधलं, डेव्हिड हार्वे या ब्रिटिश वाईन व्यापाऱ्याने दिलेलं.

आणि इटालियन द्राक्षं आपल्यालाही परकी नाहीत बरं! अकलूजच्या 'फ्रातेली'ने सांजोवेझे लावलं. फ्रातेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन भावांच्या जोड्यांवरून ते नाव आलं. निफाडजवळच्या 'रेव्हेलो'ने सिसिलीचं ग्रिलो आणि नेरो दाव्होला आणलं. बुडबुड्यांचं म्हणाल, तर नारायणगावच्या शातो इंडाजची स्पार्कलिंग वाईन 1980 च्या दशकातच परदेशी पोचली होती.

आता चव. वास घेतला तर वाळलेली संत्र्याची साल, मध, किंचित आंबलेलं ताक. गोडवा जवळजवळ नाहीच. मित्र फोनवर टेस्टिंग नोट्स शोधत होता, तोवर मामांनी घोट घेऊन निकाल दिला.

"अरे, हे तर कच्चं केळ खाल्ल्यावानी तोंड आवळायलंय!"

बास! पुस्तकात ज्याला टॅनिन म्हणतात ते हेच. आपल्या षड्रसांत 'तुरट' हा स्वतंत्र रस आहे. जांभूळ, आवळा, कच्चं केळं, हरडा... या चवीवर आपली जीभ लहानपणापासून ट्रेन झालेली असते. म्हणजे ऑरेंज वाईन कळायला युरोपातली फळं पाठ करायची गरजच नाही. ब्रिऑश आठवत नसेल तर ताक म्हणा. पुढच्या टेस्टिंगला कुणी 'तुला काय लागतंय?' असं विचारलं, तर मी तरी बिनधास्त 'कच्चं केळं' म्हणणार आहे.

ट्राय करताना...

• बाटली उभी ठेवून गार करा. गाळ तळाशी बसतो.
• उघडताना बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा. बूच उडवू नका!
• सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मस्त. शेंगदाण्याने तुरटपणा मऊ होतो. ठेचा मात्र नको, बुडबुड्यांमुळे तिखट जास्तच झोंबतं.
• आधी स्वतःचा शब्द शोधा, लेबल नंतर वाचा.
• आणि हो, घोट घेतला असेल तर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे!