एमआरआय : चुंबकाच्या पोटात शिरण्यापूर्वी

मागे लेथवर काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. कंबरेतून डाव्या पायात कळ जात होती आणि आठ दिवसांपासून पायाचा पंजा उचलेनासा झाला होता. मणक्यात नस दबल्याची शंका आली म्हणून मी एमआरआय काढायला सांगितले. "शरीरात कुठे धातू आहे का?" या प्रश्नाला त्यांनी ठामपणे "नाही" म्हटले. मी पुन्हा विचारले, "काम करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण उडाला होता?" तेव्हा म्हणाले, "उडाला होता डॉक्टरसाहेब, पण त्याला पंधरा वर्षं झाली. ते काय सांगायचं?"

आधी डोळ्याचा एक्स-रे काढला. कण आतच होता! एमआरआय रद्द करून आम्ही सीटी स्कॅनवर काम भागवले. त्या एका प्रश्नाने कदाचित डोळा वाचला. असे का, हे समजण्यासाठी हे यंत्र चालते कसे ते पाहू.

आपल्या शरीराच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणी असते. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे जणू एक अतिसूक्ष्म लोहचुंबक. एरवी या चुंबकांची तोंडे वाटेल त्या दिशेला असतात. एमआरआयच्या बोगद्यात मात्र प्रचंड चुंबकीय क्षेत्र असते. नेहमीच्या यंत्राची ताकद १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. त्यात शिरताच हे सूक्ष्म चुंबक रांगेत येऊ लागतात. दहा लाखांत जेमतेम चार-पाच जास्तीचे चुंबक क्षेत्राच्या दिशेने वळतात, पण शरीरात अणूच इतके असंख्य आहेत की तेवढे पुरतात.

मग यंत्र रेडिओलहरी सोडते. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो, भलत्याच वेळी दिला तर नाही. तसेच हे अणू एका ठरावीक लयीच्याच लहरी घेतात. १.५ टेस्लाला ही लय सेकंदाला सुमारे ६.४ कोटी आवर्तने इतकी असते. यालाच अनुनाद म्हणतात. लहरी थांबल्या की अणू पूर्वस्थितीला येतात आणि येताना क्षीण संदेश सोडतात. चरबीतले अणू लवकर परततात, पाण्यातले सावकाश. सूज किंवा गाठीत पाण्याचे प्रमाण बदललेले असते, म्हणून ती जागा वेगळी दिसते. संदेश नेमका कुठून आला हे कळावे यासाठी चुंबकीय क्षेत्र जागोजागी किंचित कमीजास्त केले जाते. तपासणीच्या वेळी ठकठक आवाज येतो तो याच वेटोळ्यांचा. त्याला घाबरू नये.

हा अनुनाद ब्लॉक आणि पर्सेल या शास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे दाखवला. त्यावरून चित्र काढण्याची युक्ती लॉटरबर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांना व मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यात क्ष-किरण नाहीत. मेंदू, मज्जारज्जू, मणक्यातील चकती, गुडघ्याचे अस्थिबंध असे मऊ भाग यात उत्तम दिसतात. पण कंबर दुखली की लगेच एमआरआय, असे मात्र नको. काहीही त्रास नसलेल्या अनेकांच्या चकत्याही थोड्या सरकलेल्या दिसतात. पायातली शक्ती गेली, लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र एक दिवसही दवडू नये.

आता मुख्य गोष्ट. आवाज थांबला म्हणजे यंत्र बंद झाले असे नव्हे. बहुतेक यंत्रांतील चुंबक रात्रंदिवस चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडर खेचून घेतले आणि तो तरुण प्राणास मुकला.

म्हणून वाचकहो, पुढील गोष्टी न विचारताही सांगा : पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानात बसवलेले यंत्र, अंगात राहिलेला छर्रा, डोळ्यात कधीही गेलेला लोखंडाचा कण. गर्भारपण आणि मूत्रपिंडाचा विकारही सांगा. हाडातील पट्टी किंवा हृदयातील स्टेंट असेल तर शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्या. बहुतेकदा अडचण येत नाही, पण तो निर्णय तेथील डॉक्टरांचा. नातेवाइकांनीही किल्ल्या, मोबाइल, घड्याळ बाहेरच ठेवावे.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट तुम्ही विसरला असाल, पण चुंबक विसरत नाही.