प्राणवायूविना तेल पचवणारी जनुके

हायड्रोकार्बनचा रेणू फोडायचा तर जीवाणूला ऑक्सिजन हवाच, असे विसाव्या शतकात बराच काळ मानले जाई. या रेणूत कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज काहीच नसते, त्यामुळे विकराला पकड घ्यायला जागा मिळत नाही. हवेत वाढणारे जीवाणू ऑक्सिजनचा अणूच या रेणूत घुसवतात आणि पकड तयार करतात. नदीतळाच्या गाळात किंवा तेलाने दूषित झालेल्या भूजलात मात्र ऑक्सिजन लवकर संपतो. तेथे पोचलेले तेल जसेच्या तसे पडून राहणार, हे ओघानेच आले.

ही समजूत 1989 ते 1991 या काळात मोडली. पोटोमॅक नदीच्या गाळातून मिळवलेला जिओबॅक्टर मेटॅलिरेड्युसेन्स हा जीवाणू लोहाच्या ऑक्साइडच्या आधाराने टोल्युईन या हायड्रोकार्बनचे पूर्ण विघटन करतो, हे अमेरिकेत डेरेक लव्हली यांच्या गटाने दाखवले. पाठोपाठ जर्मनीत फ्रीडरिश विडेल यांच्या गटाने अल्केनवर, म्हणजे साखळीसारख्या हायड्रोकार्बनवर, वाढणारा, सल्फेटवर श्वसन करणारा जीवाणू वेगळा केला. ऑक्सिजनऐवजी नायट्रेट, लोह किंवा सल्फेट यांना इलेक्ट्रॉन देणारे जीवाणू आधीपासून ठाऊक होते. कोडे होते ते पहिल्या पायरीचे: ऑक्सिजन नसताना रेणूला पकड येते कशी?

टोल्युईनच्या बाबतीत उत्तर 1996 मध्ये मिळाले. थॉवेरा अरोमॅटिका या नायट्रेटवर श्वसन करणाऱ्या जीवाणूत टोल्युईनचा मिथिल गट फ्युमरेट या पेशीतल्या नेहमीच्या आम्लाला जोडला जातो आणि बेंझिलसक्सिनेट तयार होते. हे काम करणाऱ्या विकराची, म्हणजे बेंझिलसक्सिनेट सिंथेजची, जनुके पुढच्या दोन वर्षांत वाचली गेली. त्यांतले बीएसएस-ए हे जनुक मुख्य प्रथिन घडवते, तर बीएसएस-बी आणि बीएसएस-सी ही त्याच्या दोन छोट्या साथीदार प्रथिनांची जनुके आहेत. बीएसएस-ए चा अनुक्रम ई. कोलायमधील पायरुव्हेट फॉर्मेट लायेज या विकराशी जुळणारा निघाला आणि त्यातून विकराची कार्यपद्धती उलगडली. प्रथिनातल्या एका ठरावीक ग्लायसिनवरचा हायड्रोजन काढून तेथे मुक्त मूलक तयार केले जाते. ते सिस्टीनमार्फत टोल्युईनचा हायड्रोजन ओढून घेते आणि उघडा पडलेला कार्बन फ्युमरेटशी जोडला जातो. ग्लायसिनला असे सक्रिय करणारे प्रथिन बीएसएस-डी या शेजारच्या जनुकातून येते. ऑक्सिजनचा स्पर्श झाला की सक्रिय प्रथिनाची साखळी त्या ग्लायसिनपाशीच तुटते. म्हणजे ऑक्सिजनचा अभाव ही या विकराची गरजच आहे.

बीएसएस जनुके एका ओपेरॉनमध्ये, म्हणजे एकत्र चालू-बंद होणाऱ्या गटात, सलग असतात. बेंझिलसक्सिनेटचे पुढे बेंझॉइल-कोए करणारी बीबीएस जनुके दुसऱ्या ओपेरॉनमध्ये असतात. टोल्युईन मिळाले की दोन्ही ओपेरॉन जागे होतात. टीडीआय-एस हे प्रथिन टोल्युईनची चाहूल घेते आणि टीडीआय-आर हे जनुकांना चालना देते, असे मानले जाते.

बहुतेक सुवासिक (ॲरोमॅटिक, म्हणजे वलय असलेल्या) हायड्रोकार्बनांच्या वाटा बेंझॉइल-कोए पाशी येऊन मिळतात. त्याचे वलय मोडण्यासाठी निसर्गाने दोन वेगळे जनुकसंच वापरले आहेत, आणि या विषयातला सर्वांत सुंदर भाग बहुधा हाच. थॉवेरासारख्या जीवाणूंतले विकर या कामी एटीपी हे पेशीचे ऊर्जा-इंधन खर्च करते. लोह किंवा सल्फेटवर जगणाऱ्यांना श्वसनातून ऊर्जाच तुटपुंजी मिळते, त्यामुळे हा खर्च त्यांना झेपत नाही. त्यांची बॅम जनुके टंगस्टन असलेले, एटीपी न खाणारे विकर घडवतात.

टोल्युईनची युक्ती सगळीकडे चालत नाही. ॲरोमॅटोलियम ॲरोमॅटिकम ईबीएन-1 या जीवाणूचा जीनोम 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुवासिक संयुगे पचवण्याचे ऑक्सिजनविरहित दहा आणि ऑक्सिजनसहित चार मार्ग दिसले. हा जीवाणू टोल्युईनला फ्युमरेट जोडतो, पण इथिलबेंझिनसाठी मॉलिब्डेनम असलेले वेगळे विकर वापरतो आणि लागणारा ऑक्सिजनचा अणू पाण्यातून घेतो. अल्केनसाठी काही सल्फेटजीवी जीवाणूंकडे एएसएस-ए हे जनुक आहे. ते बीएसएस-ए च्याच कुळातले असून त्याचे विकर साखळीतल्या दुसऱ्या कार्बनपाशी फ्युमरेट जोडते. मिथेनचे ऑक्सिजनविरहित विघटन मुख्यत्वे आर्किया करतात. मिथेन बनवणारे विकरच त्यांच्यात उलट दिशेने चालते.

बेंझिनची गाठ सर्वांत घट्ट आहे. टोल्युईनच्या मिथिल गटातला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे 375 किलोज्यूल लागतात, बेंझिनला सुमारे 473. शिवाय बेंझिनला बाजूचा गटच नाही. लोहावर जगणाऱ्या एका मिश्र संवर्धात 2010 मध्ये एबीसी-ए हे कार्बोक्झिलेजचे संभाव्य जनुक सापडले, तर जिओबॅक्टर मेटॅलिरेड्युसेन्समध्ये बेंझिनचे फिनॉल होते असे पुरावे मिळाले. सर्व जीवाणूंना लागू पडेल असे एक उत्तर येथे नाही.

या माहितीचा उपयोग प्रत्यक्ष जमिनीवर होतो. मिनेसोटातील बेमिजीजवळ 1979 मध्ये तेलवाहिनी फुटून सुमारे 17 लाख लिटर कच्चे तेल सांडले. तेथील भूजलाचा अभ्यास काही दशके चालू आहे आणि ऑक्सिजन संपलेल्या पट्ट्यात सुवासिक हायड्रोकार्बन घटत असल्याचे त्यातून दिसले. अशा ठिकाणचा गाळ घेऊन पीसीआरने बीएसएस-ए च्या प्रती मोजता येतात, आणि टोल्युईनचे विघटन करू शकणारे जीवाणू तेथे आहेत की नाहीत हे कळते. मात्र जनुक असणे म्हणजे ते काम करत असणे नव्हे. म्हणून त्याच्या आरएनएचा आणि पाण्यातल्या बेंझिलसक्सिनेटचा शोधही घ्यावा लागतो. बेंझिनसाठी बीएसएस-ए इतके भरवशाचे खूण-जनुक नाही. बेंझिन कर्करोगकारक आहे, त्यामुळे पेट्रोलची टाकी गळलेल्या जागी टोल्युईन घटले एवढ्यावर समाधान न मानता बेंझिन वेगळे मोजलेच पाहिजे.