प्रगतिपत्रक हाती आल्यावर : सिल्लोड परिसरातील पालकांसाठी

प्रथम सत्र संपले की दिवाळीच्या सुमारास प्राथमिक शाळांतून मुलांची प्रगतिपत्रके घरोघरी येतात. सिल्लोड तालुक्यात हेच दिवस मक्याच्या सोंगणीचे आणि कापूस वेचणीचे असतात. अजिंठा, शिवना, भराडी, अंधारी या गावांकडील आईवडील सकाळी शेतात जातात ते दिवेलागणीला परततात. पाल्याने पुढे केलेल्या कागदावर सही किंवा अंगठा होतो आणि कागद पुन्हा दप्तरात जातो. त्या कागदावरून आपले मूल वर्गात नेमके काय शिकले हे कसे ओळखावे, याविषयी आपल्या धर्मग्रामांतील पालकवर्गासाठी आम्ही येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

प्रथम श्रेणीविषयी. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी अमलात आला आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टच्या शासननिर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ ही पद्धत आली. पास-नापासाऐवजी अ-1 पासून इ-2 पर्यंत श्रेणी मिळू लागल्या. 91 ते 100 गुणांना अ-1, 41 ते 50 गुणांना क-2, 33 ते 40 गुणांना ड, आणि त्याखाली इ-1 व इ-2. श्रेणी कोणतीही असो, मूल वरच्या वर्गात जातेच. त्यामुळे ‘ड’ पाहूनही घरात कोणी चमकत नाही.

हे गुण येतात कोठून? या पद्धतीत पहिली-दुसरीसाठी शंभरातील 70 गुण आकारिक मूल्यमापनाला ठेवले आणि सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाला केवळ 30. तिसरी-चौथीसाठी हे प्रमाण 60 व 40 असे आहे. आकारिक म्हणजे वर्गात रोज चालणारे काम : शिक्षकांचे निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय. परीक्षेच्या दिवशी मुलाला शाळेत पाठवले की भागले, हा जुना हिशेब येथे चालत नाही. वेचणीसाठी किंवा धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी पंधरा दिवस घरी राहिलेल्या मुलाविषयी नोंद करण्यास शिक्षकांजवळ काही उरतच नाही.

प्रगतिपत्रकाचा आमच्या मते सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा भाग म्हणजे वर्णनात्मक नोंदी. विशेष प्रगती, आवड व छंद, आणि सुधारणा आवश्यक, असे त्याचे रकाने असतात. पुष्कळदा तेथे ठरावीक साच्याची वाक्ये असतात, हे मान्य करावे लागेल. तरीही तिसऱ्या रकान्यात ‘वाचनाचा सराव आवश्यक’ असे लिहिलेले असेल तर ते सौम्य शब्दांत सांगितलेले गंभीर वर्तमान समजावे. पालकसभेत ‘आमचा मुलगा कसा आहे?’ असे विचारल्यास ‘चांगला आहे’ असेच उत्तर मिळते. त्यापेक्षा ‘न शिकवलेला उतारा त्याला स्वतः वाचता येतो का? कोणती जोडाक्षरे अडतात?’ असे विचारावे. वाचता न येणाऱ्या आईने हे विचारण्यात कोणताही कमीपणा नाही.

हे आताच का पाहावे? चौथीपर्यंत मुलाला कोणी मागे ठेवत नाही. मात्र 2019 साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली व त्यानुसार महाराष्ट्रात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी मिळते. तेथेही जमले नाही तर त्याच वर्गात बसावे लागते. चार वर्षे न दिसलेली उणीव अशा वेळी एकदम उघडी पडते, आणि दोन महिन्यांत वाचन येत नाही. शाळा सुटण्याची सुरुवात, विशेषतः मुलींच्या बाबतीत, अशा ठिकाणी होऊ शकते.

घरी पडताळून पाहणे अवघड नाही. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने यत्तावार अपेक्षा ठरवून दिल्या आहेत. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांचे वाक्य वाचता यावे व 99 पर्यंतच्या संख्या याव्यात; दुसरीत 999 पर्यंतच्या; तिसरीत मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचता यावेत, 9999 पर्यंतच्या संख्या व सोपा गुणाकार यावा. मुलाला पाठ झालेला धडा देऊ नये, कारण चित्र पाहून घडाघडा म्हणणारी मुले पुष्कळ असतात. पुस्तकाचे शेवटचे पान उघडावे आणि शब्दाखाली बोट ठेवून वाचावयास सांगावे. नंतर पुस्तक मिटून ‘काय वाचलेस?’ असे विचारावे. गणितासाठी तर वेचणीचा काटा आहेच : सकाळी 23 किलो, दुपारी 18 किलो, एकूण किती, हे दुसरीच्या मुलाला सांगता आले पाहिजे.

ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक वेगळी गोष्ट. मुलाला मागे आजीआजोबांकडे ठेवणे शक्य नसेल तर निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून ‘शिक्षण हमी कार्ड’ मागून घ्यावे. मूल कोणत्या वर्गात आहे हे त्यावरून नव्या गावच्या शाळेला कळते. दाखला मिळण्यास उशीर झाला या कारणावरून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, अशी तरतूद शिक्षण हक्क कायद्यातच आहे. परतल्यावर ते कार्ड आणि तेथील वह्या जुन्या शाळेत दाखवाव्यात, म्हणजे मधल्या महिन्यांत काय शिकवले गेले आणि काय राहिले हे शिक्षकांना पाहता येईल.