क्राकोव आणि नोव्हा हुता: एकट्याने शहर पाहण्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोलंडमधील क्राकोव शहराच्या पूर्वेला नोव्हा हुता ही पोलाद कारखान्यासाठी वसवलेली वसाहत आहे. तिच्या पहिल्या घरांचे बांधकाम जून १९४९ मध्ये सुरू झाले आणि कारखान्याची पहिली झोतभट्टी जुलै १९५४ मध्ये पेटली. पुढच्याच वर्षी, २ फेब्रुवारी १९५५ रोजी, भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई पोलाद कारखान्याचा करार झाला. भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. भिलाईतून युरोपात एकट्याने जाऊन वास्तुकला पाहू इच्छिणाऱ्यासाठी क्राकोवची निवड म्हणूनच सार्थ ठरते. या एका शहरात तेराव्या शतकात आखलेली पेठ आहे आणि भिलाईच्या पिढीचे पोलादनगरही आहे. अडचण आहे ती प्रवासाविषयी आणि या इमारतींविषयी पसरलेल्या समजुतींची.

“एकट्याने अर्ज केला की व्हिसा नाकारतात”

पोलंड डिसेंबर २००७ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. आज या क्षेत्रात २९ देश असून त्यांचे अल्पमुदतीच्या व्हिसाचे नियम समान आहेत. व्हिसा नाकारण्याची कारणे या नियमांत ठरवून दिलेली आहेत. प्रवासाचा हेतू पटला नाही, खर्चाची तरतूद दिसली नाही, मुदतीत परत येण्याविषयी शंका राहिली, कागदपत्रे खोटी निघाली, अशी ती कारणे आहेत. एकटे असणे किंवा अविवाहित स्त्री असणे हे त्यांत कुठेही नाही. नोकरी करणाऱ्याचे रजा मंजुरीचे पत्र, निवृत्त माणसाच्या पेन्शनची नोंद, काही महिन्यांचे बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि दिवसवार आखलेला कार्यक्रम यांवर अर्जाचे वजन ठरते. किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय विमा संरक्षण सक्तीचे आहे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो निदान १५ दिवस आधी दाखल व्हावा लागतो. प्रौढ व्यक्तीसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे.

अनेक देश एका फेरीत पाहायचे असतील तर ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम आहे त्याच्याकडे अर्ज करायचा असतो. व्हिसा लवकर मिळतो म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करणे हा फुकटचा धोका आहे. आणखी एक गैरसमज पैशांविषयीचा: पोलंडमध्ये युरो चालतो असे अनेकांना वाटते, पण तिथले चलन झ्लोटी आहे.

“सोबत कोणी नसेल तर परक्या शहरात हाल होतात”

क्राकोवचा जुना भाग पायी फिरण्याजोगा आहे. लांबच्या ठिकाणी ट्रॅम जाते. कागदी तिकीट घेतल्यावर ट्रॅममधील यंत्रात ते शिक्का मारून वैध करून घ्यावे लागते. तसे न केल्यास तिकीट जवळ असूनही दंड होऊ शकतो. आपत्कालीन मदतीचा क्रमांक ११२ आहे. बहुतेक रविवारी मोठी दुकाने कायद्याने बंद असतात, म्हणून लागणारे सामान शनिवारीच घेतलेले बरे. जेवणाची चिंता शाकाहारी माणसाला अधिक असते. तिच्यावर उत्तर म्हणजे ‘बार म्लेच्नी’ नावाच्या स्वस्त खानावळी. काउंटरवर पैसे भरायचे आणि ताट स्वतः उचलून आणायचे, अशी तिथली पद्धत आहे. बटाटा आणि पनीरसारखे ताजे चीज भरलेले पिएरोगी तिथे पोटभर मिळतात. मात्र त्यांवर तळलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे घालण्याची पद्धत असल्याने तसे नको हे मागतानाच सांगावे. इमारती पाहण्यासाठी तर एकटेपण सोयीचेच. एका कमानीपुढे अर्धा तास उभे राहिले तरी खोळंबून राहणारे कोणी नसते.

“जुन्या पेठेतील प्रत्येक दगड मध्ययुगीन आहे”

हा सर्वांत पक्का बसलेला गैरसमज आहे. क्राकोवच्या पेठेची आखणी १२५७ च्या सनदेने झाली आणि ती आजही जशीच्या तशी वाचता येते. मध्यभागी सुमारे २०० मीटर बाजूचा चौरस चौक, रिनेक ग्वुव्नी, आणि त्याच्या कोपऱ्यांतून व बाजूंतून सरळ निघणारे रस्ते. हे क्षेत्र १९७८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत आले. परंतु आखणी जुनी असणे आणि इमारती अस्पर्श असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौकातील कापडबाजार, सुकिएनित्से, १५५५ च्या आगीनंतर प्रबोधनकाळाच्या शैलीत नव्याने बांधला गेला. त्याच्या माथ्यावरची नक्षीदार कठडाभिंत त्या काळातील आहे. पर्यटक जिच्या सावलीत बसतात ती टोकदार कमानींची ओवरी मात्र १८७५ ते १८७९ या काळात वास्तुविशारद तोमाश प्रिलिन्स्की यांनी जोडली. चौकात एकटाच उभा असलेला उंच मनोरा पूर्वीच्या नगरभवनाचा आहे. भवन १८२० साली पाडले गेले आणि मनोरा तेवढा उरला. शहराभोवतीचा तटही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडण्यात आला. त्याच्या जागी लावलेली प्लान्टी ही बाग आज पेठेला वेढून आहे. फ्लोरियन वेस आणि तिच्यासमोरचा १४९८ च्या सुमाराचा गोल बुरूज हे तटाचे उरलेले अवशेष होत.

वावेल टेकडीवरच्या राजवाड्याची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. त्याचे तीन मजली कमानींचे अंगण सोळाव्या शतकात इटालियन कारागिरांनी घडवले. शेजारच्या कॅथेड्रलमधील सिगिस्मुंड चॅपेल हे फ्लोरेन्सकडून आलेल्या बार्तोलोमिओ बेरेच्ची यांचे काम. आल्प्स पर्वताच्या उत्तरेला इतकी शुद्ध फ्लोरेन्टाइन वास्तू दुसरी क्वचितच सापडेल. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियन सैन्याने राजवाड्याची बराक केली. सैन्य विसाव्या शतकाच्या आरंभी बाहेर पडले आणि मग जीर्णोद्धार सुरू झाला. आजचे अंगण म्हणूनच दोन काळांचे आहे, कल्पना सोळाव्या शतकाची आणि बरीचशी दुरुस्ती विसाव्या शतकाची. यामुळे त्याची किंमत कमी होत नाही. उलट पाहणाऱ्याला एका भिंतीत दोन पिढ्यांची निवड दिसते.

“सेंट मेरी चर्चवरची तुतारी १२४१ पासून वाजते”

चौकाच्या कोपऱ्यावरील सेंट मेरी चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला चारही दिशांना तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. मंगोल स्वारीच्या वेळी पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला म्हणून सूर तुटला, असे सांगितले जाते. आजचे विटांचे गॉथिक चर्च मुख्यतः चौदाव्या शतकातील आहे, म्हणजे १२४१ मध्ये हा मनोराच नव्हता. बाणाची कथा जगभर पोहोचली ती अमेरिकी लेखक एरिक केली यांच्या १९२८ च्या पुस्तकातून. तुतारीची प्रथा मात्र खरोखरच शतकांपूर्वीची आहे. पहारा आणि वेळ यांची खूण म्हणून ती सुरू झाली.

दोन मनोऱ्यांची उंची वेगळी असण्यावरही दोन भावांच्या वैराची आख्यायिका आहे. उंच मनोरा शहराच्या पहाऱ्यासाठी होता, ६९ मीटरचा बुटका मनोरा घंटांसाठी. आत फाइट श्टोस यांनी १४७७ ते १४८९ या काळात कोरलेली लाकडी वेदी आहे. तिच्यातील माणसांचे हात, त्यांवरच्या शिरा आणि सुरकुत्या पाहण्यासाठी घाई न करता वेळ द्यावा. इतक्या बारकाईने कोरलेले वार्धक्य त्या काळात इतरत्र फारसे आढळत नाही.

“युद्धातून क्राकोव सहीसलामत सुटले”

इमारतींपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. वॉर्साची जुनी पेठ नाझींनी उद्ध्वस्त केली. आज तिथे दिसते ती युद्धानंतर जुनी चित्रे व आराखडे पाहून केलेली पुनर्बांधणी आहे. क्राकोव मात्र उभे राहिले. परंतु महायुद्धापूर्वी इथे सुमारे ६० हजार ज्यू राहत होते आणि त्यांतील बहुतेकांची हत्या झाली. काझिमिएश भागातील सिनेगॉग उभे आहेत, पण त्यांत प्रार्थना करणारा समाज फारच थोडा उरला आहे. नदीपलीकडील पोद्गुझे भागात १९४१ ते १९४३ या काळात घेट्टो होता. तिथल्या चौकात रिकाम्या खुर्च्यांचे स्मारक उभारले आहे. काझिमिएशची वास्तुकला पाहताना हा इतिहास वगळणे म्हणजे अर्धेच शहर पाहणे होय.

याच युद्धाने पोलंड आणि मराठी मुलूख यांना जोडले. सोव्हिएत संघातून बाहेर पडलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. वॉर्सामध्ये त्या छावणीचे स्मरण जपणारे स्मारक आहे.

“नोव्हा हुता म्हणजे राखाडी काँक्रीटचे ठोकळे”

प्रवासी संस्थांच्या कार्यक्रमांत नोव्हा हुता बहुधा नसते, आणि असलीच तर ‘साम्यवादी कुतूहल’ म्हणून. तिचा १९४९ ते १९५६ या काळातील गाभा पाहिला की हा समज टिकत नाही. मुख्य वास्तुविशारद तादेउश प्ताशित्स्की यांच्या चमूने एक लाख वस्तीसाठी आराखडा केला. मध्यवर्ती चौकातून पंख्याच्या काड्यांसारखे रस्ते निघतात, हे बरोक नगररचनेचे तत्त्व आहे. इमारती विटांच्या, गिलावा केलेल्या, साधारण तीन ते सहा मजली. तळमजल्यावर कमानींच्या ओवऱ्या, आत झाडांची अंगणे. कारखान्याच्या प्रवेशाजवळील कचेऱ्यांच्या माथ्यावर प्रबोधनकाळातील राजवाड्यांसारख्या नक्षीदार कठडाभिंती आहेत. सुकिएनित्सेवर तीच भाषा आदल्या दिवशी पाहिलेली असेल तर हे नाते चटकन ओळखू येते. तयार काँक्रीटच्या पाट्यांचे ठोकळे आहेत, पण ते नंतरच्या दशकांत आसपास वाढलेल्या वस्त्यांमध्ये. आराखड्यातील नगरभवन आणि मोठे नाट्यगृह कधीच बांधले गेले नाही, त्यामुळे चौकाची दक्षिण बाजू मोकळी राहिली.

रचनेचा गाभा म्हणजे शेजारघटक. प्रत्येक वस्तीत शाळा, पाळणाघर, दुकाने, दवाखाना, आणि मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये अशी मांडणी. ही कल्पना सोव्हिएत नव्हे. ती अमेरिकी नियोजक क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली मांडली आणि दोन्ही राजकीय गटांतील देशांनी ती उचलली. भिलाई टाउनशिपचे सेक्टर, त्यांतील शाळा, बाजार आणि मैदाने हे त्याच विचाराच्या वळणावरचे आहेत. म्हणून ‘भिलाई हे रशियन शहर आहे’ हे विधानही सैल ठरते. कारखान्याचे तंत्र आणि तज्ज्ञ सोव्हिएत होते, परंतु झाडांच्या ओळींत विखुरलेली, बव्हंशी ठेंगणी आणि आवार असलेली क्वार्टर्स नोव्हा हुताच्या सलग, रस्त्याला भिंत धरणाऱ्या इमारतींशी जुळत नाहीत. दोन्ही शहरांची तुलना खरी रंगते ती या फरकापाशी.

जागेची निवड हा आणखी एक वादाचा विषय. क्राकोवच्या सुशिक्षित, धार्मिक, सत्तेला विरोध करणाऱ्या नागरिकांना धडा शिकवण्यासाठी शेजारी कामगारनगर आणले, असे सर्रास सांगितले जाते. राजकीय हेतू असेलही, पण विस्तुला नदीचे पाणी, रेल्वे, सायलेशियाचा कोळसा आणि गावांतील अतिरिक्त मनुष्यबळ ही कारणेही तितकीच ठोस होती. लोहखनिज मात्र दूर युक्रेनमधील क्रिवी रीहहून यायचे. भिलाईची बाजू इथे भक्कम होती. दल्ली-राजहराच्या खाणी जिल्ह्यातच होत्या, पाणी तांदुळा जलाशयाचे आणि मुंबई–हावडा लोहमार्ग दारात. क्राकोवजवळची भट्टी २०२० साली कायमची बंद झाली, त्यामागे अनेक कारणे असली तरी खनिजाचे अंतर विसरता येत नाही.

नोव्हा हुताला इतिहास नाही, हेही खरे नव्हे. वसाहतीच्या पोटातच मोगिवा गाव आहे. तिथला सिस्टर्शियन मठ तेराव्या शतकातला, आणि समोरचे लाकडी चर्च पंधराव्या शतकातले. दुसरीकडे, देवालयाविना आखलेल्या या नगरात एप्रिल १९६० मध्ये क्रूस हटवण्यावरून रहिवासी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. त्या आग्रहातून आर्का पाना हे चर्च उभे राहिले. वोइचेख पिएत्शिक यांनी त्याला नावेचा आकार दिला. बाहेरच्या भिंतींवर लोकांनी गोळा केलेले नदीतील लाखो गोटे बसवलेले आहेत. दहा वर्षांच्या बांधकामानंतर १५ मे १९७७ रोजी कार्डिनल कारोल वोइतिवा यांनी त्याचे पवित्रीकरण केले. पुढच्या वर्षी तेच पोप जॉन पॉल दुसरे झाले. ल कोर्बुझिए यांच्या रोंशाँ येथील चॅपेलचा प्रभाव या चर्चवर स्पष्ट आहे.

क्राकोवला निदान तीन पूर्ण दिवस द्यावेत: एक पेठ आणि वावेलसाठी, एक काझिमिएश व पोद्गुझेसाठी, आणि एक अखंड दिवस नोव्हा हुतासाठी. हा तिसरा दिवस कुठल्याही कारणाने गाळू नये, आणि भिलाईच्या प्रवाशाने तर मुळीच नाही.