उलटा निजणारा पोपट

सह्याद्रीच्या ओलसर रानांत चिमणीएवढा एक पोपट असतो. अंग हिरवें, चोंच व शेपटीकडील पाठ तांबडी, नराच्या गळ्यावर निळा ठिपका. पांगाऱ्याच्या फुलांतील मध आणि उंबरासारखीं मऊ फळें तो खातो. ताडीच्या मडक्यांतही चोंच बुडवितो म्हणे! रात्रीं वटवाघळाप्रमाणें फांदीस उलटा लोंबकळून निजतो. आम्हांस खरें नवल वाटतें तें मादीचें. ती हिरव्या पानांच्या चिंध्या कातरते, आणि चोंचींत न धरतां पाठीच्या पिसांत खोंवून ढोलींत नेते. ह्या पक्ष्यास पिंजऱ्यांत कोंडणें कायद्यानें गुन्हा आहे. परंतु ढोलीचें जुनें झाड आपण पोखरलेलें म्हणून आधीं तोडतों. आंत अंडीं-पिलें असण्याचे महिने साधारणतः जानेवारी ते एप्रिल.