चोरीस गेलेला फोन व वडिलांचें कर्तव्य

तरुण मुलाचा किंमती फोन चोरीस गेला, तर तो आईबापांनीं पुन्हां घेऊन द्यावा किंवा कसें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. घरांतील एखादी वस्तु गेली, ती परत आणली किंवा न आणली, यांत लेख लिहिण्यासारखें काय आहे, असें आमचे कांहीं वाचक म्हणतील. आम्हांसही गेल्या वर्षापर्यंत तसेंच वाटत होतें. परंतु आमच्या निकटच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत या एका फोनापायीं तीन आठवडे जी मुकी तेढ आम्हीं पाहिली, तिच्यामुळें हा विषय वाचकांपुढें मांडावा असें मनानें घेतलें.

हें कुटुंब डोंबिवलीचें. आजोबा निवृत्त शिक्षक. दोघे मुलगे, दोघी सुना व तीन नातवंडें मिळून आठ माणसें एका चुलीवर जेवतात. थोरल्या मुलाचा चिरंजीव २३ वर्षांचा. इंजिनियर होऊन मुंबईस नोकरीला लागल्यास त्यास सहा महिने झाले होते व पगार दरमहा २८,००० रुपये होता. नोकरी लागल्याच्या आनंदांत वडिलांनीं त्याला ८५,००० रुपयांचा फोन बारा हप्त्यांनीं घेऊन दिला. पांच हप्ते फिटले होते, सात राहिले होते, आणि एके सायंकाळीं दादर स्टेशनवर लोकलमध्यें चढतांना रेटारेटींत तो फोन खिशांतून नाहींसा झाला. मुलगा घरीं आला, जेवला, आणि कोणाशीं कांहीं न बोलतां अंथरुणावर पडला. रात्रीं साडेदहाच्या सुमारास आईनें “आज तुझा फोन वाजत कसा नाहीं रे?” असें विचारलें, तेव्हां ही गोष्ट बाहेर पडली.

आमच्या मतें या प्रकरणांत पहिली विचार करण्याजोगी बाब म्हणजे हे मधले साडेतीन तास. आजचा फोन हें केवळ बोलण्याचें यंत्र राहिलेलें नाहीं. बँकेची किल्ली, ओळखपत्रांची पेटी, पत्रव्यवहार व छायाचित्रांचा संग्रह हें सारें त्यांत असतें. म्हणून फोन गेल्याबरोबर सिमकार्ड बंद करविणें, बँकेस कळविणें, दुसऱ्या यंत्रावरून आपल्या खात्यांचे परवलीचे शब्द बदलणें, हीं कामें त्याच घटकेस व्हावयास हवींत. आणि खात्यांतून पैसे गेल्याचें आढळलें तर १९३० या मदतक्रमांकावर विनाविलंब कळविलें पाहिजे. २३ वर्षांचा मिळवता मुलगा हें सर्व जाणत असूनही साडेतीन तास गप्प राहिला, तो कशासाठीं? चोरापेक्षां त्याला वडिलांची भीति अधिक वाटली म्हणून. ज्या घरांत नुकसानीची बातमी सांगणाऱ्यावर प्रथम ‘तुझें लक्ष कोठें होतें’ असा भडिमार होतो, त्या घरांत पुढच्या खेपेसही बातमी उशिरांच कळणार. फोन पुन्हां घेऊन देणें न देणें हा मागाहूनचा विचार. त्या रात्रीपुरतें तरी आईबापांचें कर्तव्य एवढेंच कीं रागावणें दुसऱ्या दिवसावर टाकावें व मुलाजवळ बसून हीं कामें उरकावीं.

येथें ओघानें आणखी थोडी माहिती देतों, कारण पुष्कळ सुशिक्षित घरांतही ती नसते. प्रत्येक फोनास आय.एम.ई.आय. नांवाचा पंधरा आंकडी क्रमांक असतो; *#०६# असें दाबलें असतां तो दिसतो, व फोनाच्या खोक्यावरही छापलेला असतो. दूरसंचार खात्यानें सप्टेंबर २०१९ मध्यें मुंबईपासून आरंभ करून, मे २०२३ मध्यें ‘संचार साथी’ या नांवाखालीं देशभर एक व्यवस्था खुली केली. पोलिसांतील तक्रार व आपलें ओळखपत्र जोडून तेथें अर्ज केला कीं तो फोन भारतांतील कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर चालेनासा होतो, व कोणीं त्यांत दुसरें सिम घातल्यास त्याचा माग पोलिसांस मिळूं शकतो. लोकलमध्यें फोन नेमका कोणत्या हद्दींत गेला हें कित्येकदां सांगतां येत नाहीं. परंतु १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणें गुन्हा कोठेंही घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही ठाण्यावर देतां येते. चोरी झाली असेल तर कागदावर ‘गहाळ’ असें न लिहवितां ‘चोरी’ असेंच लिहवावें. विमा उतरलेला असल्यास या एका शब्दावर पुष्कळ अवलंबून असतें.

आतां मुख्य वादाकडे वळूं. दुसऱ्याच दिवशीं थोरल्या चिरंजिवांचे वडील तोच फोन पुन्हां घेण्याच्या तयारीला लागले. त्यांचें म्हणणें असें कीं, पोराचा यांत दोष काय? गर्दींत चोरानें हात मारला. कचेरींत त्याचे सोबती काय म्हणतील? आणि आपण मिळवितों तें कोणासाठीं? हीं तिन्हीं वाक्यें ज्या बापाच्या तोंडीं आलीं नसतील असा बाप विरळा. आम्ही त्यांस हंसत नाहीं. परंतु त्याच घरांत धाकट्या बंधूंची कन्या सी.ए.च्या परीक्षेचा अभ्यास करीत आहे व तिच्या हातीं आईनें वापरून टाकलेला, कांचेस तडा गेलेला फोन आहे. तिनें कधीं तक्रार केली नाहीं. तिच्या आईनेंही नवा फोन येणार हें ऐकून “बरें झालें” एवढेंच म्हटलें, व त्या दिवसापासून दोघी जावांचें संध्याकाळचें बोलणें भाजी निवडण्यापुरतें उरलें. वेगळ्या बिऱ्हाडांत बापानें मुलाला काय दिलें हें भिंतीपलीकडे जात नाहीं; एका चुलीच्या घरांत प्रत्येक देणगीस सात जणांची साक्ष असते. पहिल्या फोनाच्या वेळीं निमित्त होतें, पहिली नोकरी होती. सहा महिन्यांत दुसरा तसाच फोन येतो, तेव्हां घर त्यावरून निराळाच अर्थ काढतें.

याच्या उलट टोंकाचेंही एक मत आम्हांस ऐकावयास मिळालें. एक वयोवृद्ध स्नेही म्हणाले, “माझें मनगटी घड्याळ कॉलेजांत गेलें, वडिलांनीं दुसरें दिलें नाहीं, चार वर्षें लोकांना वेळ विचारीत काढलीं.” हें उदाहरण आम्हांस पटत नाहीं. घड्याळ गेलें तर वेळ विचारतां येतो. बँकेचा गुप्त आंकडा कोणाच्या घड्याळांत पाहावयाचा? सिम नवें मिळालें तरी तें घालावयास यंत्र पाहिजे. कचेरीचीं बोलावणीं, लोकलचें तिकीट, रात्रीं उशीर झाला तर घरीं कळविणें, हें सर्व फोनावर आहे. शिस्त लावावयाची म्हणून तरुण माणसाला महिना दोन महिने फोनावांचून ठेवणें म्हणजे त्याला शेजाऱ्यांच्या व सोबत्यांच्या दारीं उभें करणें होय. आणि घड्याळ आयुष्यभरासाठीं घेतलेलें असे. फोन तीन-चार वर्षांत न चोरतांही जुना होतो, हा भेद या स्नेह्यांच्या ध्यानांत आला नाहीं.

तेव्हां आमचें मत असें बनलें कीं, जें गेलें त्यांत दोन वस्तु होत्या व त्या निरनिराळ्या मोजल्या पाहिजेत. एक उपयोग, तो १०-१२ हजारांच्या फोनानें पुरेपूर भागतो. दुसरी प्रतिष्ठा, उत्तम कॅमेरा, हातांत धरल्याचा आनंद. तिची किंमत उरलेले ७०-७५ हजार. उपयोगाची भरपाई घरानें, निदान तात्पुरती, त्याच आठवड्यांत करावी. प्रतिष्ठेची भरपाई मिळवत्या मुलानें आपल्या पगारांतून, त्याला वाटेल तेव्हां करावी किंवा न करावी.

वकिली करणाऱ्या आमच्या वाचकांस या संबंधांत एक जुना वाद आठवेल. कुटुंबाच्या पैशानें विशेष शिक्षण घेतलेल्या मुलाची कमाई कुटुंबाची कीं त्याची, यावर पूर्वीं फार कज्जे होत. १९२१ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें, कुटुंबाच्या खर्चानें शिकून सिव्हिल सर्व्हिसमध्यें गेलेल्या एका गृहस्थाची मिळकत कुटुंबाचीच ठरविली. पुढें बॅ. मुकुंदराव जयकर यांनीं विधिमंडळांत विधेयक आणलें, व १९३० सालीं कायदा होऊन, शिक्षणास पैसा कोणाचाही लागलेला असो, विद्येची कमाई ती करणाऱ्याची स्वतंत्र मालमत्ता ठरली. (वर दिलेल्या मदतक्रमांकाचे व या सालाचे आंकडे एकच असावे हा निव्वळ योगायोग.) आज घरोघरचे तरुण हें तत्त्व गृहीतच धरतात, व तें योग्यच आहे. मात्र कमाई माझी आणि नुकसान घराचें, अशी वांटणी कोणत्याही कायद्यांत सांपडत नाहीं. १९५६ च्या दत्तक व निर्वाहाच्या कायद्यानेंही अपत्याच्या पोषणाचा भार आईबापांवर टाकला आहे तो तें सज्ञान होईपर्यंत. स्वतःचा निर्वाह करूं न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा तेवढा अपवाद आहे. घर कायद्यानें चालत नाहीं हें आम्ही जाणतों, परंतु मायेनें डोळे भरले असतां कायद्याचा कोरडेपणा कधीं कधीं उपयोगीं पडतो.

यास एक अपवाद आम्ही आग्रहानें सांगतों. आमच्याच नात्यांतील एका मुलीनें वृद्ध आत्याबाईंना इस्पितळांत नेलें. खिडकीपाशीं पैसे भरतां भरतां तिचा फोन लांबविला गेला. येथें बापानें किंमतीचा विचारच करूं नये. घराच्या कामांत झालेली हानि घराची. दुर्दैवानें नेमक्या अशाच वेळीं मुलीला ‘जपून वागावें’ असा उपदेश ऐकावा लागतो. मुलाचा फोन गेला तर चोर वाईट, आणि मुलीचा गेला तर तिनें संध्याकाळीं बाहेर राहावयास नको होतें, हा न्याय आम्हीं पुष्कळ सुशिक्षित घरांत पाहिला आहे व तो पाहून खेद झाला आहे.

डोंबिवलीच्या घरीं शेवटीं निवाडा आजोबांनीं केला. आम्हांसही मत विचारलें होतें. राहिलेले सात हप्ते, म्हणजे सुमारें ५०,००० रुपये, मुलानें भरावे असें आम्हीं सुचविलें. आजोबांनीं तें मानलें नाहीं. “देणगी तुझी होती,” ते थोरल्या मुलास म्हणाले, “चोरानें नेली म्हणून ती त्याच्या डोक्यावर कर्ज होत नाहीं. हप्ते तूं भर.” विचारांतीं आम्हांस आमची चूक कळली. नातवास मात्र त्यांनीं स्वतःजवळचे १२,००० रुपये उसने दिले, देणगी म्हणून नव्हे, आणि साधा फोन घ्यावयास सांगितलें. वडील दोन दिवस घुश्शांत होते. मुलगा, आश्चर्याची गोष्ट, हलका झालेला दिसला. पुढें त्यानेंच आम्हांस सांगितलें कीं, पहिला फोन खिशांत असतांना लोकलमध्यें त्याचा एक हात सदा खिशावर असे. धाकट्या सूनबाई नंतर कांहीं दिवसांनीं जावेबरोबर पूर्ववत् मंडईस जाऊं लागल्या. तडा गेलेल्या फोनाची कांच बदलण्याचा खर्च आजोबांनीं त्याच वेळीं, कोणीं मागितला नसतां, दिला होता.

आजोबांची रोजकीर्द जुन्या पद्धतीची. तिच्या एका पानावर आतां घरांतील सर्व फोनांचे पंधरा आंकडी क्रमांक ओळीनें लिहिलेले आहेत. नातवाचा जुना क्रमांक खोडून त्यावर चोरीची तारीख व तक्रारीचा क्रमांक टिपला आहे. त्याच पानाच्या तळाशीं उसनवारी मांडली आहे : रुपये १२,०००, फेड दरमहा २,०००. आम्हीं मागच्या खेपेस पाहिलें तेव्हां चार हप्ते जमा झाले होते. पांचवा चार दिवस उशिरां आला होता, व तशी नोंद आजोबांनीं तांबड्या शाईनें केली होती.